भिजवलेल्या मनुका

ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं. राहेलबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, क्षणभर मांडीवर टेकवलं आणि काहीही न उचलता माझ्या हाती परत दिलं. ताटात पावाचा एक तुकडा उरला. तो दर महिन्याला उरायचा. मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे पंचांपैकी, मी एक; प्रभुभोजनाचा पाव मीच कापायचो, बसलेली माणसं बघून; आणि राहेलबाईंचा तुकडा धरायला मी कधी विसरलो नव्हतो. उपासना संपली की तो मी चर्चच्या मागच्या पायरीवर चिमण्यांना कुस्करून टाकायचो.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मी पायरीवर वाकलो होतो, तेव्हा नवे पाळकसाहेब मागे येऊन उभे राहिले. चक्रनारायण त्यांचं नाव. वय बत्तीस, येऊन आठ महिने झालेले. मनाने चांगले, पण प्रत्येक गोष्ट नियमात बसली पाहिजे असं वाटणारे. झगा अर्धाच उतरवलेला, एक हात अजून बाहीतच.

"आढाव मास्तर, शेवटच्या बाकावरच्या त्या बाई प्रभुभोजन घेत नाहीत."

"नाही घेत, साहेब."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील."

"अकरा!" ते माझ्याकडे बघतच राहिले. "आणि द्राक्षारस कोण करतं आपला?"

"त्याच करतात. शनिवारी मनुका भिजवतात, कुस्करून गाळतात. चर्च झाडतात, घंटा वाजवतात. सगळं त्याच करतात."

"म्हणजे स्वतः करायचा आणि स्वतः घ्यायचा नाही?" त्यांनी दुसरा हात बाहीतून सोडवला. "मास्तर, एक वर्ष विनाकारण जो प्रभुभोजन घेत नाही त्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी होतं. हा माझा नियम नाही, मंडळीचा आहे. ईस्टरच्या आत मला यादी पाठवायचीय."

"नाव गेलं तर दफनभूमीतली जागाही..."

"जाते. मला ठाऊक आहे."

राहेलबाईंचे यजमान योसेफ तिथे कडुनिंबाखाली पुरलेले होते. त्यांच्या शेजारची जागा राहेलबाईंनी चार दगड लावून धरून ठेवली होती. दर नाताळाला नवऱ्याच्या थडग्याला चुना देताना त्या या चार दगडांनाही देत. वय पासष्टीच्या पुढे, छातीचं दुखणं. ती जागा त्यांना फार लांबची वाटत नव्हती.

"म्हणून म्हणतो, कारण विचारा," पाळकसाहेब म्हणाले. "काही कारण असेल तर मी नाव ठेवीन. मी विचारायला गेलो की त्या 'सलाम साहेब' म्हणतात आणि झाडू उचलतात. तुम्ही जुने, तुमचं ऐकतील."

मी मान हलवली. नाही म्हणायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

घरी एस्तेर, माझी पत्नी, भाकऱ्या थापत होती. ऐकून तिने हातातला गोळा परातीत टाकला. "तुम्ही विचारणार? वाण्याने वजनात मारलं तरी तुम्ही त्यालाच सलाम करून येता!"

"साहेबांनी सांगितलंय."

"आणि विचारायचं काय त्यात? त्या बाईला लाज वाटते, दुसरं काय. चोरी कबूल केली, सहा महिने शिक्षा भोगली. तिथेच मिटायला हवं होतं. पण माणसाच्या मनाचं काही सांगता येतं का?"

चोरीची हकिकत मिशन कंपाऊंडमध्ये सगळ्यांना माहीत होती. मी मिशनच्या शाळेत शिक्षक आणि शाळा सुटल्यावर कंपाऊंडमधलं वाचनालय सांभाळणारा. हार्लन मिसबाई मायदेशी परत गेल्या तेव्हा त्यांनी त्यांची पानं कापायची चांदीची सुरी वाचनालयाला दिली. विलायतेहून येणाऱ्या जुन्या पुस्तकांची पानं कडेने जोडलेलीच असत. ती कापल्याशिवाय पुस्तक वाचता येत नसे. सुरी वीतभर लांबीची, बोथट, मुठीवर जैतुनाची डहाळी कोरलेली. सुरी हातात धरली की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

वाचनालय झाडायला राहेलबाई येत. त्यांची मुलगी शलोमी, तेव्हा चौदा वर्षांची, शाळा सुटली की तिथे वाचत बसायची. पानं कापायला तिला फार आवडे. मी ओळ चुकवायचो, माझ्या कापण्याला दाते पडायचे. ती सरळ कापायची.

एका सकाळी सुरी जागेवर नव्हती. मी सगळीकडे शोधलं आणि मग त्या वेळच्या पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी विचारलं, काल शेवटी तिथे कोण होतं? मी म्हणालो, "शलोमी होती." एवढंच. ते खोटं नव्हतं.

जूनमध्ये शलोमी शहरातल्या मुलींच्या बोर्डिंगला जायची होती, पाळकसाहेबांच्या वर्तणुकीच्या पत्रावर. त्यांनी माय-लेकींना चर्चमध्ये बोलावलं. मीही होतो. साहेबांनी शलोमीकडे बघून तोंड उघडलं, तेवढ्यात राहेलबाई पुढे आल्या. "म्या घेतली साहेब. बाजारात विकली. त्या लेकराचा काही संबंध नाही." योसेफ तेव्हा शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होते. सगळ्यांनी समजून घेतलं, पण नियम तो नियम. सहा महिने प्रभुभोजन बंद. शलोमी बोर्डिंगला गेली, शिकली, मिशनच्या एका दवाखान्यात नर्स झाली. सहा महिने संपले. पण राहेलबाईंनी पुढेही पाव उचलला नाही.

त्यांना कारण विचारायला मी महिनाभर लावला. कधी त्या कामात आहेत म्हणून, कधी मला सर्दी आहे म्हणून. शेवटी मार्चच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, चर्चच्या मागे त्यांच्या खोलीकडे गेलो.

दार उघडंच होतं. कल्हई केलेल्या पातेल्यात काळ्या मनुका फुगून वर आल्या होत्या. राहेलबाई दोन्ही हातांनी त्या कुस्करत होत्या. कोपरापर्यंत हात जांभळे झालेले.

"या मास्तर. पाट घ्या. माझं हात गुतल्यात."

मी बसलो. म्हणालो, "यंदा मनुका चांगल्या दिसतायत."

"पाळकसाहेबांनी धाडलं ना?"

"हो."

"वाटलंच. आपल्या मनानं तुम्ही कधी या दारात आलात?" रागाने नाही, हसूनच म्हणाल्या. पण ते खरं होतं. अकरा वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

मी पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. यादी, नियम, ईस्टर. दफनभूमीचं नाव घेतलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"दगड लावल्यात म्या तिथं," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणतो राहेलबाई, झालं ते झालं. तुम्ही कबूल केलंत, शिक्षा भोगलीत. आता मनात काय धरून बसलात?"

त्यांनी पांढरा पंचा पातेल्यावर अंथरला, मनुका त्यात ओतल्या, चारी टोकं धरून पिळायला लागल्या. काळाभोर रस धार धरून पडत होता.

"मास्तर, तुमच्या पोटात एक गोष्ट राहील का?"

"राहील."

"ती सुरी म्या घेतलीच नाही."

त्यांनी पंचाची टोकं पुन्हा घट्ट धरली.

"त्या संध्याकाळी पोर पोलक्याखाली कायतरी लपवून घरी आली. म्या म्हटलं, काय हाय गं? तर पोटाशी गच्च धरून बापाच्या खाटंमागं जाऊन बसली. दुसऱ्या दिशी साहेबांचं बोलावणं आलं, आन् मला कळलं काय लपवलं व्हतं ते. साहेब तिच्याकडं बघून बोलणार, त्याच्या आधी म्या बोलले. देवाच्या घरात हुबं राहून."

"शलोमीला कधी विचारलं नाहीत?"

"काय विचारू? 'तू चोर हायेस का गं' आसं? हो म्हणली तर मी काय करायचं? आन् नाही म्हणली तर खरं का खोटं, ते रोज तिच्या तोंडाकडं बघून ठरवायचं? नको. चौदा वर्साचं लेकरू व्हतं. चमकणारी वस्तू दिसली, हात गेला. आता लोकांची बाळंतपणं करती ती. देवानं तिला सुधारलं. म्या कशाला उकरू?"

"पण प्रभुभोजन का नाही घ्यायचं?"

"खोटं बोलले ना." त्यांनी पंचा आणखी एक पीळ दिला. "पश्चात्ताप करून घ्यायचं आसतं. पश्चात्ताप म्हंजी सांगणं आलं, आन् सांगितलं की पोर चोर ठरती. आन् खरं सांगू मास्तर? मला पश्चात्ताप व्हतच नाही. परत तीच येळ आली तर म्या परत तेच बोलंन. मग कोणत्या तोंडानं हात लावू पावाला? म्हणून आपलं करून देते. करून द्यायला तर मनाई नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

"सांगा साहेबांना, म्हातारीला कारण हाय, पण सांगता येत नाही. ठेवलं नाव तर ठेवा."

मी उठलो. सलाम केला. त्यांनी जांभळा हात कपाळाला लावता लावता थांबवला आणि नुसती मान लववली.

ही पुढची गोष्ट मी खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. इतक्या वर्षांनीही ती मला पुढे ढकलावीशी वाटते, यावरूनच मी कसा माणूस आहे ते कळेल.

सुरी माझ्या घरी होती. पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, संडे स्कूलच्या जुन्या पेपरांच्या खाली, रुमालात गुंडाळून. तिथे ठेवल्याला सात वर्षं झाली होती. जुन्या करारावरच्या एका जाडजूड इंग्रजी भाष्याचा चौथा खंड मी एके दिवशी प्रवचनाच्या टिपणासाठी काढला, तर तो आपोआप मध्येच उघडला. पानांत सुरी. तिच्या आधीची पानं दाते पडलेली, माझ्या हातची. तिच्यानंतरची अजून जोडलेली. पानं कापता कापता कशासाठी तरी उठलो असेन, आणि सुरी खुणेला ठेवून पुस्तक मिटवलं असेल. ते पुस्तक त्यानंतर कोणी, मीसुद्धा, उघडलं नव्हतं.

त्या दिवशी उभ्या उभ्या मी एक विचार रचला. राहेलबाईंनी चोरी कबूल केलीय. म्हणजे त्यांनीच घेतली असणार, विकल्याचं भीतीने सांगितलं असणार, आणि मागाहून पस्तावून गुपचूप पुस्तकात आणून ठेवली असणार. मग कशाला बोभाटा करायचा? उगाच त्या बाईला पुन्हा लाज. हा विचार मी इतका नीट बांधला होता की सात वर्षं त्यात राहिलो. दाते पडलेली पानं तेवढी मधूनमधून आठवायची.

आणि त्या सात वर्षांत दर महिन्याला मी ताट फिरवलं, आणि सर्वांना दिल्यावर माझा तुकडा मी खाल्ला.

राहेलबाईंकडून परतल्यावर मी पाळकसाहेबांना सांगितलं, कारण आहे, पण सांगता येत नाही. ते वैतागले. "मास्तर, यादीत असं लिहू का मी?" तरी त्यांनी ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. मी सुरीबद्दल बोललो नाही. उद्या बोलू, म्हटलं. मग परवा. राहेलबाई म्हणतात तशी सुरी शलोमीने घेतली असेल आणि तिनेच पुस्तकात ठेवली असेल, अशीही एक वाट मी मनात काढून पाहिली. भित्र्या माणसाला वाटा फार सापडतात.

पवित्र सप्ताहात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, शलोमी रजा घेऊन आईकडे आली. शुक्रवारी तीन तासांची उपासना झाल्यावर मी वाचनालयात जाऊन बसलो होतो. ती दारात उभी राहिली. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले. पण आत येताना चप्पल उंबऱ्याशी काढायची तिची लहानपणची रीत तशीच होती.

"सलाम मास्तर. येऊ का?"

"ये शलोमी. बस."

ती बसली नाही. कपाटांवरून नजर फिरवून म्हणाली, "पाळकसाहेब आईचं नाव काढणार म्हणे. तुम्ही वडील आहात मंडळीचे. तुम्ही बोला ना."

"बोललो मी."

"तिने घेतली ती सुरी बाबांच्या औषधासाठी घेतली. दुसरं कारणच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मी तिला एका शब्दाने कधी विचारलं नाही, मास्तर. तिला वाटू नये की पोरीला आपली लाज वाटते. पण तुम्हाला सांगते, दवाखान्यात कुणाची वस्तू हरवली की माझी छाती धडधडायला लागते. वाटतं, आता कोणीतरी विचारील, तू कुणाची मुलगी."

"शलोमी, त्या दिवशी संध्याकाळी तू पोलक्याखाली काय नेलं होतंस?"

ती दचकली, मग लाजून हसली. "तुम्हाला माहीत होतं? गोष्टींचं पुस्तक. बाबांना झोप लागत नसे, त्यांना वाचून दाखवायला. तुम्ही मुलांना पुस्तक घरी न्यायला देत नव्हतात ना! सकाळी तुमच्या आधी येऊन परत ठेवलं होतं." ती हसायची थांबली. "का हो मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो.

नियम माझाच होता. मुलं पानं मळवतात म्हणून.

शनिवारी सकाळी मी पलंगाखालून ट्रंक ओढली. एस्तेर आवाज ऐकून आली. रुमाल उलगडला तसं तिने तोंडावर पदर धरला. मी जमिनीवर बसून तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. तिने पलंगाच्या कडेला हात लावला.

"माझ्या पलंगाखाली," ती म्हणाली. "सात वर्षं मी त्याच्यावर झोपतेय."

"दोन घास खाऊन जातो," मी म्हणालो.

"नाही. आधी जा. खाल्लंत की परत बसाल तुम्ही."

राहेलबाईंच्या खोलीत ईस्टरचा रस चालला होता. मनुका शलोमी कुस्करत होती आणि आई तिला दम देत होती. "अगं, बी फुटू देऊ नको, कडू हुतंय. दवाखान्यात हेच शिकवलं का?"

मी उंबऱ्याच्या आत उभा राहिलो आणि रुमाल पाटावर ठेवून उलगडला.

दोघींनी सुरीकडे पाहिलं. मग राहेलबाईंनी शलोमीकडे पाहिलं, आणि शलोमीने आईकडे. त्या दोन नजरा मी अजून विसरलेलो नाही. दोघींच्याही डोळ्यांत एकच भीती होती, आणि दोघींची ती एकमेकींसाठी होती.

"ही कुणीच घेतली नव्हती," मी म्हणालो. "मीच पुस्तकात खुणेला ठेवली आणि विसरलो. माझ्या चुकीने झालं सगळं."

मग राहेलबाई अगदी हळू म्हणाल्या, "तू नव्हती घेतली?"

"मी?" शलोमी म्हणाली. "आई, मी? तू म्हणालीस ना तू घेतली म्हणून!"

"म्या तुझ्यासाठी म्हणले गं! तू पोलक्याखाली..."

"पुस्तक होतं ते! बाबांना वाचायला!"

"आरं देवा," राहेलबाई म्हणाल्या. "आरं माझ्या देवा. आन् म्या अकरा वर्सं तुझ्या पेटीला हात लावला नाही, आत कायतरी सापडंल म्हणून."

शलोमी मनुकांच्या हातांनीच आईच्या गळ्यात पडली. राहेलबाईंच्या पांढऱ्या चोळीवर जांभळी बोटं उमटली. दोघी रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. मला तिथे जागा नव्हती. मी मागे सरकलो.

"थांबा मास्तर." शलोमी वळली होती. "ही सापडली कधी?"

एवढा एक प्रश्न. मी 'आज' म्हणालो असतो तर त्यांनी मला पाट दिला असता, गूळपाणी दिलं असतं. शोधत राहिला बिचारा, असं म्हटलं असतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. राहेलबाई माझ्याकडे बघत होत्या, चांगल्या मनाने, जणू त्यांनाही तेच उत्तर हवं होतं.

"सात वर्षं झाली," मी म्हणालो.

शलोमीचा चेहरा पांढरा पडला. "सात वर्षं! आणि दर महिन्याला तिच्यापुढे ताट धरत होतात? मास्तर, तुम्ही आम्हाला शिकवलंत हो! खरं बोला, हे तुम्ही शिकवलंत!"

"शलोमे," राहेलबाई म्हणाल्या. "पुरे."

"का पुरे?"

"ते सांगायला आल्यात. कुणी वढून आणलं नाही." पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खाली बसल्या आणि पातेल्यात हात घातला. "जावा मास्तर. रस करायचाय."

मी तिथून थेट पाळकसाहेबांकडे गेलो. यादी त्यांच्या टेबलावरच होती. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी, पुनरुत्थानाच्या दिवशी, भरलेल्या चर्चमध्ये मी उभा राहिलो. लिहून नेलं होतं, पण कागद खिशातच ठेवला. तसंच बोललो. शेवटी म्हणालो, राहेलबाईंना जी शिक्षा दिली तीच मला द्या. मंडळीने दिली. सहा महिने प्रभुभोजन बंद, वडीलपण बंद. राहेलबाईंचं नाव यादीत राहिलं.

मी पुरुषांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. मधल्या वाटेच्या पलीकडे बायकांच्या बाजूचा शेवटचा बाक, राहेलबाईंचा. ताट आलं. मला वाटलं, आज त्या घेणार. अकरा वर्षांनी. त्यांनी ताट मांडीवर टेकवलं आणि तसंच पुढे दिलं.

मे महिन्यात तेच. जूनमध्ये तेच.

"तिचा राग गेला नाही," एस्तेर म्हणाली. "जाईल कसा?"

मलाही तसंच वाटलं. रस्त्यात दिसल्या की मी सलाम करायचो, त्या सलाम घ्यायच्या, त्यापुढे काही नाही. मी वाचनालयात पुस्तकं घरी न्यायला परवानगी दिली. कपाटातली पुस्तकं मळून परत येऊ लागली. ती पुसताना मला बरं वाटायचं. दुसरं काय करावं ते मला ठाऊक नव्हतं. कधी वाटे, मी बोललो नसतो तर निदान त्या बाईच्या मनात माझ्याविषयी आदर तरी राहिला असता. असंही मनात येऊन गेलं, हे लिहिलंच पाहिजे.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. माझी शिक्षा संपली होती. पाळकसाहेबांनी तसं जाहीरही केलं. पण ताट जवळ येऊ लागलं तसं माझं लक्ष राहेलबाईंकडे गेलं. पलीकडे त्या घेत नाहीत आणि मी घ्यायचा, हे पुन्हा कसं करू? ताट आमच्या बाकावर आलं तेव्हा मी ते शेजाऱ्याकडून घेतलं, मांडीवर टेकवलं आणि तसंच सेवकाच्या हाती दिलं. त्याने तेच ताट वाटेपलीकडे राहेलबाईंना दिलं.

त्यांनी ते सेवकाला दिलं नाही. त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश, मधली वाट ओलांडून ताट घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. वरती पाळकसाहेब हात उंचावून तसेच थांबले.

ताटात दोन तुकडे होते.

"घ्या मास्तर," त्या म्हणाल्या, अजिबात आवाज न दाबता.

"राहेलबाई, तुम्ही घेतला नाहीत अजून. सहा महिने तुम्ही..."

"खोटं म्याबी बोललेच व्हते की. माझंबी सहा महिनं राहिलं व्हतं." मग जरा वाकून, एवढ्यासाठी मात्र आवाज खाली आणून, त्या म्हणाल्या, "आन् एकट्यानं मागं बसणं कसं आसतं, ते मला ठावं हाय. उचला. पाव वाळतोय."

मी उचलला. त्यांनी उचलला. तिथेच, वाटेत उभ्या उभ्या, आम्ही तो खाल्ला. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि ताट सेवकाच्या हाती देऊन आपल्या बाकावर परत जाऊन बसल्या. ताट रिकामं होतं. चिमण्यांना त्या दिवशी काही मिळालं नाही.

राहेलबाई त्यानंतर पाच वर्षं होत्या. चार दगडांच्या आत त्यांना ठेवलं तेव्हा शलोमी माझ्याजवळ उभी होती. तिने माझा कोपर धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

सुरी आता चर्चमध्येच असते. प्रभुभोजनाचा पाव तिनेच कापायचा, असं राहेलबाईंनी ठरवून टाकलं होतं. पुस्तकं कापायला ती माझ्या हाती द्यायची नाही, असंही त्या हसून म्हणायच्या. शनिवारच्या मनुका मात्र आता मी भिजवतो. माझं वय ब्याऐंशी आहे, हातांत जोर राहिलेला नाही, पंचा पिळताना अर्धा रस आत राहतो. एस्तेर होती तेव्हा दुसरं टोक ती धरायची. आता रविवारपर्यंत बोटं जांभळी राहतात आणि मी ती घासून काढत नाही.